भीतीचें मोल

बाजारभावाचा इतिहास लिहिणें सोपें आहे. कारण भाव रोज छापला जातो. पण त्या भावामागें असणाऱ्या भयाचा इतिहास लिहावयाचा, तर साधन कोणतें? मनुष्याच्या धास्तीला आंकडा नसतो, असें आपण सहज म्हणतों. गेल्या अर्धशतकांतील शेअरबाजार मात्र या म्हणण्याला अपवाद ठरला आहे.

ठराविक भावानें शेअर पुढें घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क आज कांहीं रक्कम देऊन मिळविणें, हा व्यवहार जुनाच. आमस्टरडॅमच्या बाजारांतील असल्या सौद्यांचें वर्णन जोसेफ द ला वेगा यानें १६८८ सालीं केलें. आपल्याकडे त्यांस तेजी-मंदी म्हणत. अशा हक्काचें वाजवी मोल काय, या प्रश्नाचें सर्वमान्य उत्तर मात्र १९७३ पर्यंत मिळालें नव्हतें. त्या सालीं फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचें सूत्र प्रसिद्ध झालें, आणि त्याच सालीं शिकागो येथें अशा हक्कांचा स्वतंत्र बाजार उघडला. सूत्राला शेअरचा भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजदर आणि शेअरची चंचलता अशा पांच गोष्टी लागतात. पहिल्या चार उघड असतात. पांचवी भविष्याच्या उदरांत असते. परंतु हक्काचा भाव बाजारांत ठरलेलाच असेल, तर गणित उलटें करून ती पांचवी राशि काढतां येते. बाजाराच्या मनांतील ही जी गर्भित चंचलता, तोच भीतीचा आंकडा होय.

आरंभीं ठरलेला भाव वरचा असो वा खालचा, ही चंचलता बहुधा सारखीच निघे. मग १९ ऑक्टोबर १९८७ चा सोमवार उजाडला. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसांत शेंकडा २२.६ कोसळला. कित्येक मोठ्या संस्थांनीं भाव उतरूं लागतांच विकत सुटण्याची यांत्रिक योजना आखून ठेवली होती, व तीस विमा असें नांव दिलें होतें. सर्वांनीं एकाच वेळीं विक्री काढली, आणि विम्यानेंच आग वाढविली. तेव्हांपासून मोठ्या पडझडीपासून रक्षण करणाऱ्या हक्कांना जें अधिक मोल पडूं लागलें, तें अद्याप उतरलेलें नाहीं. तो सोमवार ज्यांनीं पाहिलाही नाहीं, असे दलाल आज त्याची किंमत मोजीत आहेत.

१९९३ पासून शिकागोचा बाजार हा आंकडा ‘विक्स’ या नांवानें प्रसिद्ध करूं लागला. भाव उतरले कीं तो बहुधा चढतो, आणि भाव चढले कीं उतरतो. असें कां व्हावें? भाव पडला कीं कंपनीच्या भांडवलांत कर्जाचा वांटा वाढतो व शेअर अधिक डळमळीत होतो, असें ब्लॅक यानें १९७६ सालीं सुचविलें. दुसरें मत याच्या उलट आहे. धोका वाढलेला दिसला कीं लोक अधिक लाभ मागतात, आणि तो मिळावा म्हणून भाव आधीं पडतो. एका मतांत भाव हें कारण, दुसऱ्यांत भय. आणि प्रत्यक्षांत दोन्ही एकमेकांस ढकलीत असतात.

या आंकड्यास कित्येक भविष्यवेत्ता समजतात. इतिहासाची साक्ष तशी नाहीं. जानेवारी २००७ मध्यें विक्स दहाच्याही खालीं होता. त्याच वर्षीं अमेरिकेंतील कर्जबाजाराचें संकट उघड झालें. २० नोव्हेंबर २००८ रोजीं तो ८०.८६ वर पोंचला. परंतु भावांनीं तळ गांठला तो ९ मार्च २००९ रोजीं. आणि त्या दिवशीं भाव अधिक खालीं असूनही विक्स पन्नासाच्या आंत होता. संकट तेंच, पण तें आतां ओळखीचें झालें होतें.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें तेजी-मंदीस बंदी केली. ती १९९५ मध्यें उठली, आणि निर्देशांकावरील असे हक्क २००१ मध्यें मुंबईच्या बाजारांत आले. त्यामुळें १९९२ सालीं मुंबईंत भाव कोसळले, तेव्हांच्या भयाचा अधिकृत आंकडा आपल्यापाशीं नाहीं. भय मात्र होतें. उद्यां काय होईल, हें असा आंकडा सांगत नाहीं. उद्यांच्या धास्तीपायीं मनुष्य आज किती देण्यास तयार आहे, एवढेंच तो सांगतो. इतिहासकाराला तेवढें पुरेसें आहे. पैसा लावणाऱ्यानें त्याहून अधिक त्यांत वाचूं नये.