शेवटच्या खांबावरचा ओहम

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात विहिरीवरची मोटर जळाली की जाणता वायरमन आधी दोन आकडे विचारतो: व्होल्टेज किती होतं आणि मोटर किती अँपिअर घेत होती? भागाकारातून रोध निघतो, गुणाकारातून शक्ती. या हिशेबाचं कूळ दोनशे वर्षं मागे जातं.

गेऑर्ग ओहम कोलोनच्या शाळेत गणित शिकवायचा. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब (व्होल्टेज) वापरता वापरता घसरायचा, त्यामुळे मोजमाप टिकेना. म्हणून १८२६ साली त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम राहिला, म्हणून दाबही कायम राहिला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने विद्युतधारा मोजली आणि दाब, धारा व रोध यांना जोडणारं सूत्र मिळवलं. मला त्याच्या सूत्राइतकंच या बर्फाचं मोल वाटतं. हे सूत्र मांडणाऱ्या त्याच्या १८२७ च्या पुस्तकाची जर्मनीत उपेक्षा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ली पदक दिलं.

शक्तीची शाखा वेगळी. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी केली आणि अश्वशक्ती रूढ झाली. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जूलने दाखवलं की तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८८२ मध्ये अभियंता विल्यम सीमेन्सने एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर या मापाला वॅटचं नाव सुचवलं. आज एक अश्वशक्ती (एचपी) म्हणजे ७४६ वॅट.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हे सगळं कूळ उसाच्या शेतात एकत्र येतं. मुळा-प्रवरा ही देशातल्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक. २०११ पर्यंत या भागाला वीज तीच पुरवत होती. इथली पाच एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टला साधारण आठ अँपिअर घेते. (थ्री फेजच्या गुणाकारात १.७३ आणि पॉवर फॅक्टरही धरावा लागतो.) आता डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) किलोमीटरभर लांब, पातळ अॅल्युमिनियमच्या तारेवर अशा सात मोटरी एकदम सुरू झाल्या, असं धरा. तारेचा रोध एक ओहमच्या जरा खाली, धारा ५६ अँपिअर. म्हणजे प्रत्येक फेजमागे सुमारे ५० व्होल्ट तारेतच जिरतात. दोन फेजमध्ये मोजलं की ही घट १.७३ पट होते, म्हणून शेवटच्या खांबावर ४१५ चे ३३० उरतात. पाण्याचं काम तेवढंच असल्याने मोटर आठऐवजी दहा अँपिअर ओढते आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त होते. सगळ्यांनीच जास्त ओढल्याने तारेतला दाब आणखी घसरतो.

अशा मोटर जळण्याचा दोष अनेकदा शेतकऱ्याच्या माथी मारला जातो, ते मला पटत नाही. मीटर नसलेल्या पंपाचं बिल एचपीवर ठरतं. खांबावर ४१५ पोचले की ३३०, हे त्या बिलात कुठेच दिसत नाही.

उपायही व्होल्ट गुणिले अँपिअरच्या त्याच सूत्रात आहे. महावितरणने २०१८ मध्ये आणलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत ११ हजार व्होल्टची लाइन थेट विहिरीजवळ जाते आणि एक-दोन पंपांना स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो. तेवढ्याच शक्तीला धारा सुमारे सव्विसाव्या हिश्शावर येते, आणि तेवढ्याच रोधाच्या तारेतला ऱ्हास जवळजवळ सातशेव्या हिश्शावर.