नवं जाहीर करणं सोपं, जुनं सांभाळणं अवघड

आज राजकारण नाही. आज अशा कामाची गोष्ट, ज्याची बातमी कधी होत नाही.

पायथन ही कॉम्प्युटरला काम सांगण्याची भाषा. तिची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ ला आली आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात. हे ठरवूनच केलेलं होतं. त्यातलं एक मोठं कारण आपल्या जवळचं आहे. जुना पायथन साध्या मजकुरात अक्षरं नाही, बाइट मोजायचा. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी तो १५ सांगायचा. नवा ५ सांगतो : म, र, काना, ठ, वेलांटी. जुन्या फॉन्टमधल्या बातम्या युनिकोडमध्ये आणताना आम्हा पत्रकारांचं डोकं किती उठतं, हे मी रोज बघतो. त्यामुळे बदल योग्यच होता, असं माझं मत.

पण तोवर जुने प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी काय करायचं?

इथे डेबियनवाले येतात. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ही लिनक्स प्रणाली स्वयंसेवक चालवतात. उबंटू तिच्यावरच उभी आहे, आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीसुद्धा. प्रत्येक सॉफ्टवेअर तयार पॅकेज करून द्यायचं आणि ते सांभाळायचं, हे या लोकांचं काम. पायथनच्या बाबतीत ते दुप्पट झालं. एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं, एक जुन्यासाठी, एक नव्यासाठी. दोन्हीची चाचणी वेगळी. एक दुसऱ्याच्या पायात येणार नाही, हेही बघायचं.

आर्च लिनक्सने दुसरा रस्ता धरला. २०१० मध्येच त्यांनी 'पायथन' या आज्ञेचा अर्थ तिसरी आवृत्ती असा करून टाकला. ही आज्ञा म्हणजे दुसरी आवृत्ती, असं गृहीत धरलेल्या स्क्रिप्ट अडल्या. डेबियनने मात्र घाई केली नाही.

पायथनच्या मूळ मंडळींनीही मुदत वाढवली. २०१५ ची तारीख २०२० वर नेली. १ जानेवारी २०२० ला आधार संपला आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली. तरी ऑगस्ट २०२१ च्या डेबियन ११ मध्ये पायथन २.७ होताच, कारण काही मोजके प्रोग्रॅम तयार करायला तो लागत होता. ज्या पॅकेजांना नव्यावर आणणारं कुणी मिळालं नाही, ती काढून टाकली गेली. अखेर जून २०२३ च्या डेबियन १२ मधून पायथन २ गेला. म्हणजे साडेचौदा वर्षं!

एवढा वेळ का लागला, असं कुणी विचारेल. मला उलटं वाटतं. तारीख आधी सांगितली, गरज दिसली तेव्हा वाढवली, मधल्या काळात दोन्ही चालू ठेवलं, आणि मगच दार लावलं. यात मानधन न घेता राबणारे कितीतरी हात होते.

आपल्याकडे नवं पोर्टल आलं की जुनं कधी बंद पडतं, ते खिडकीवर गेल्यावरच कळतं. म्हातारा माणूस कागद हातात धरून परत जातो. म्हणून पुढच्या उद्घाटनाला मी एकच प्रश्न विचारणार आहे : साहेब, जुनं किती दिवस चालू राहणार, आणि ते सांभाळणार कोण?