दहा सेंटची नाणी आणि पोलिओचे दोन थेंब

जानेवारी १९३८. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी टपालाची पोती येऊन पडू लागली. एरवीची सरकारी पत्रं त्या ढिगात सापडेनात. बहुतेक पाकिटांत एकच वस्तू होती, दहा सेंटचं नाणं. अमेरिकेत त्याला ‘डाइम’ म्हणतात. अशी सुमारे २६ लाख ८० हजार नाणी जमा झाली.

राष्ट्राध्यक्ष होते फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२१ साली, वयाच्या ३९व्या वर्षी त्यांना पोलिओने गाठलं आणि त्यांचे पाय गेले. त्या काळी उन्हाळा आला की अमेरिकेतल्या आईबापांच्या पोटात गोळा यायचा. खेळतं मूल तापाने फणफणायचं आणि उठायचं ते कुबड्या घेऊन. काही उठायचीच नाहीत. १९३८ साली रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने पोलिओविरोधी प्रतिष्ठान स्थापन झालं. एडी कँटर या विनोदी कलाकाराने रेडिओवरून लोकांना आवाहन केलं: राष्ट्राध्यक्षांना फक्त एक डाइम पाठवा. मोहिमेला नाव पडलं ‘मार्च ऑफ डाइम्स’.

श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांवर विसंबण्याऐवजी चिल्लर का मागितली? उत्तर या प्रतिष्ठानाच्या रचनेत सापडतं. जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा निघाल्या. शिक्षक, दुकानदार, गृहिणी त्या चालवायच्या. जमलेल्या पैशातून गावातल्याच पोलिओग्रस्त मुलाच्या दवाखान्याचं बिल, पायांचे पट्टे, कुबड्या यांचा खर्च भागायचा. उरलेला पैसा संशोधनाला जायचा. जानेवारी १९५०मध्ये फीनिक्स शहरातल्या आया संध्याकाळी वर्गणीला बाहेर पडल्या. ज्याला द्यायचं असेल त्याने दारातला दिवा लावून ठेवायचा, एवढाच संकेत.

याच पैशावर जोनास साल्क यांचं लशीचं संशोधन झालं. १९५४ साली चाचणीसाठी सुमारे १८ लाख मुलं पुढे आली. सरकारने कुणावर सक्ती केली नव्हती. आईबापांनी स्वतः संमती दिली. १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं जाहीर झालं. पण त्याच महिन्यात एका कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहिल्याचं उघड झालं. दीडशेहून अधिक जण कायमचे पांगळे झाले, दहा जण दगावले. लसीकरण थांबलं, तपासणी कडक झाली आणि काही आठवड्यांत ते पुन्हा सुरू झालं. एवढं होऊनही लोकांनी या लशीकडे कायमची पाठ फिरवली नाही. मला याचं एक मोठं कारण त्या नाण्यात दिसतं. सतरा वर्षं आपण पै-पै देऊन जे उभं केलं, ते परक्याचं वाटत नाही.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. रूझवेल्ट यांनी जॉर्जियात उभारलेल्या वॉर्म स्प्रिंग्ज उपचार केंद्रात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. नाणं त्यांचंही चालत होतं, मूल चालत नव्हतं! टीका वाढली तेव्हा प्रतिष्ठानाने पैसा दिला आणि १९४१ साली टस्कीगी इथे त्यांच्यासाठी वेगळं केंद्र उघडलं. दुसरी गोष्ट जाहिरातींची. कुबड्या घेतलेल्या गोंडस मुलाचं चित्र दाखवून पैसा मागितला जायचा. पुढे अपंगांच्या चळवळीने विचारलं, आम्ही तुमच्या दयेची भित्तिपत्रकं आहोत का?

आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. मुलांच्या जिभेवर पडलेल्या थेंबांची लस अल्बर्ट सेबिन यांची. त्यांच्याही संशोधनाला त्याच डाइम्सचा हातभार होता. तरी उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत दारं बंद झाली. या थेंबांनी मुलं नपुंसक होतील, अशी अफवा होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, मशिदींचे इमाम पुढे आले तेव्हा ती दारं उघडू लागली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. लस तीच होती. बदलला तो ती आणणारा हात. तो ओळखीचा झाला.

दान देण्यात आपला समाज मागे नाही. रमजानमध्ये जकात, फित्रा, सदका यांचा ओघ असतो. दूरदूरच्या मदरशांच्या पावत्या आपण फाडतो, रेशनचे किट वाटतो. हे सगळं चांगलंच आहे. पण गल्लीतल्या ऐकू न येणाऱ्या मुलीचं श्रवणयंत्र, थॅलेसेमियाच्या मुलाचा दरमहाचा रक्ताचा खर्च, घरात बसून राहिलेल्या तरुणाची चाकाची खुर्ची यांच्यासाठी किती मोहल्ल्यांच्या बैतुलमालमध्ये वेगळा रकाना आहे? शुक्रवारी मशिदीच्या दाराशी अपंग माणूस आपल्याला दिसतो, हिशोबाच्या वहीत मात्र दिसत नाही.

शिक्षक म्हणून मला वाटतं, सुरुवात छोटीच असावी. घरटी महिना दहा रुपये. जमाखर्च दर महिन्याला मशिदीच्या फळ्यावर. जकातीचा पैसा कुठे लागू होतो हे उलेमांना विचारून तो वेगळा ठेवावा, बाकी खर्च सदक्यातून आणि वर्गणीतून करावा. मदत शेजारच्या हिंदू, बौद्ध घरातल्या मुलालाही मिळावी. टस्कीगीचा धडा तोच आहे. आणि समितीत किमान दोन माणसं स्वतः अपंग असावीत. आपल्याला काय हवं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?