एकच बदल, दोन नावं: 'जी-६-पीडी कल्याण'ची गोष्ट

आमच्या तळेगाव दाभाडे स्टेशनातून मुंबईकडे निघालेली गाडी घाट उतरून कल्याणला पोहोचते. हे कल्याण मानवी एन्झाइमांच्या यादीतही आहे, हे मला पीएचडीच्या वाचनात कळलं.

जी-६-पीडी हे एन्झाइम तांबड्या पेशीत एनएडीपीएच तयार करतं. त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन टिकतं आणि पेरॉक्साइडसारखी घातक द्रव्यं निकामी होतात. एन्झाइम कमी असलेला माणूस एरवी बहुधा ठणठणीत असतो. पण मलेरियावरचं प्रायमाक्विन पोटात गेलं, की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. यामागे हेच एन्झाइम आहे, हे कार्सन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवलं. त्यासाठीचे प्रयोग अमेरिकेत कैद्यांवर झाले होते, हेही विसरू नका.

पुढे जगभरातून या एन्झाइमचे वेगवेगळे प्रकार नोंदले जाऊ लागले. तेव्हा जनुक वाचता येत नव्हतं. मग ओळख कशी पटवायची? क्रियाशीलता किती, विद्युतक्षेत्रात किती वेगाने सरकतं, उष्णतेत किती टिकतं, यावरून. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्यांची प्रमाण पद्धत ठरवून दिली. आकडे जुळले नाहीत, की प्रकार नवा. आणि नाव बहुधा गावाचं. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबातला असाच प्रकार 'कल्याण' म्हणून नोंदला गेला. 'केरळ' नावाचा प्रकार आधीच यादीत होता.

आता गंमत बघा. १९८६ मध्ये जनुकाचा क्रम हाती आला. १९९२ मध्ये लुझाट्टो आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय संशोधकही होते, दोन्ही प्रकारांचं जनुक वाचलं. दोन्हींत बदल एकच: ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन! आज त्याला 'केरळ-कल्याण' म्हणतात.

मग आधीचे संशोधक चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांनी मोजलं ते प्रथिनाचं वागणं; आणि नमुना किती जुना, शुद्धीकरण कसं केलं, यानेही ते आकडे हलतात. आपण मोजतो ती गोष्ट आणि तिच्यामागचं कारण यांत अंतर असतं, एवढाच याचा अर्थ.

दुसरा धडा नावाचा. प्रकार कुठे सापडला, एवढंच नाव सांगतं. तो कोणाकोणात आहे, ते सांगत नाही. 'हा अमक्या समाजाचा आजार' असं धरून चाललो, तर प्रायमाक्विन देण्याआधी दुसऱ्या कोणाची तपासणी राहून जाईल. तुमच्या प्रबंधात नमुन्यांना लेबल लावताना हे कल्याण आठवा.