उटणं, कुरूप आणि आम्ल

देवघरातली समई काळी पडली की ती चिंचेने घासायची, हे सांगायला कुणाला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही. चिंचेतलं आम्ल धातूवरचा काळा थर सोडवतं, आणि खालचं पितळ होतं तसंच राहतं. आमच्या घरातल्या मुली आजकाल तोंडाला जे लावतात त्यामागची कल्पना साधारण हीच आहे. फरक इतकाच, की समईला दुखत नाही!

ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक... पूर्वी आम्ही पेपरातले मार्क जसे बोलायचो तशा या मुली टक्केवारी बोलतात. "मावशी, माझं सात टक्के आहे, तिचं दहा." मी आपली ऐकते. पण ऐकता ऐकता कुतूहल वाटलं की हे सगळं आलं कुठून, आणि मग चार पुस्तकं चाळली. इतिहास शिकवण्याची सवय जात नाही, त्याला काय करणार!

आधी शब्दाकडे पाहू. 'एक्सफोलिएशन' या शब्दात लॅटिनमधलं 'फोलियम' म्हणजे पान दडलेलं आहे. पानं झडणं, पापुद्रा सुटणं. आपल्याकडे 'कात टाकणं' हा त्याहून नेमका शब्द आहे. साप एकदम टाकतो, आपण रोज थोडी थोडी टाकतो. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत मरते आणि शेवटी गळून पडते. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात जास्त. कोकणातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. जांभ्या चिऱ्यांची भिंत डोळ्यांपुढे आणा. चिरे म्हणजे मेलेल्या पेशी, आणि त्यांच्यातल्या दर्जा म्हणजे त्यांना धरून ठेवणारी बंधनं. घासणी चिरे खरवडते. आम्ल दर्जा सैल करतं, मग वरचा चिरा आपोआप सुटतो. म्हणून त्याला रासायनिक म्हणायचं.

आपलं उटणं बहुतांशी पहिल्या प्रकारातलं, खरवडण्याचं. आवळकाठी, नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल, मुलतानी माती, हळद, आणि ऐपत असेल तर चंदन. अंगाला आधी तेल, मग उटणं, मग ऊन ऊन पाणी. ही पद्धत फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या स्नानाचं, तेलांचं आणि अंगाला लावायच्या चूर्णांचं सविस्तर वर्णन आहे. हाच तो ग्रंथ, ज्यात जुन्या मराठीतली पद्यं सापडतात म्हणून आमच्या बी.ए.च्या अभ्यासात त्याचं नाव होतं. तेव्हा उटण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आम्ही सगळे मराठीच्या मागे!

उटण्यातलं खरं रसायन असतं ते कशात कालवलं यात. पाण्यात किंवा ताज्या दुधात कालवलं तर नुसतं घासणं. दह्यात कालवलं तर आम्ल आलं. स्वीडनमधल्या शेले नावाच्या औषध विकणाऱ्या माणसाने १७८० साली आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळं काढलं, तेच लॅक्टिक आम्ल. लिंबातलं १७८४ मध्ये आणि सफरचंदातलं १७८५ मध्ये, तेही त्यानेच. एवढी कामगिरी करून हा गृहस्थ त्रेचाळिसाव्या वर्षी वारला.

इथे एक सांगायला हवं. "आपल्या पूर्वजांना हे सगळं हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं" असे निरोप व्हॉट्सॲपवर सारखे फिरतात, आणि त्यात गाढविणीच्या दुधात न्हाणारी क्लिओपात्रा हटकून असते. रोमन लेखक प्लिनीने असं लिहिलंय ते नीरो बादशहाची बायको पोपिया हिच्याबद्दल. तिच्या दिमतीला म्हणे पाचशे गाढविणी असत. पण ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल नावापुरतंच. पूर्वजांना गुण ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं. आणि गुण ठाऊक असणं ही काही कमी गोष्ट नाही, त्यासाठी खोटं बोलायला नको.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. उटणं लावायचं कुणी?

स्कंदपुराणातल्या काशीखंडात विधवेचे नियम सांगितले आहेत. एकभुक्त राहावं, पलंगावर निजू नये, सुगंधी द्रव्यं वापरू नयेत, आणि अंगाला उद्वर्तन कधीही करू नये. उद्वर्तन म्हणजे आपलं उटणं. म्हणजे त्वचेची निगा हा नुसता सौंदर्याचा विषय नव्हता, तो अधिकाराचा विषय होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली सगळी माणसं अभ्यंगस्नान करून कारीट फोडत असताना माजघराच्या कोपऱ्यात लाल आलवणातली एक बाई बसलेली असायची. तिला तेल नाही, उटणं नाही, आरसा तर नाहीच. अशा बाया आमच्या आजीच्या पिढीने घरोघर पाहिल्या.

आमच्या मुरुडचं नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्राला माहीत झालं, त्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट इथे आठवते. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या, देवरुखच्या जोशांकडच्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा तिथे शिकायला गेलेल्या पहिल्या विधवांपैकी त्या. १८९३ मध्ये अण्णांनी त्यांच्याशी पुण्यात लग्न केलं, आणि नंतर दोघं मुरुडला आली तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. आज गावात अण्णांचं स्मारक आहे आणि पाहुणे आले की आम्ही ते अभिमानाने दाखवतो. ठरावाची गोष्ट मात्र पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही. मी सांगते.

अण्णांचाच आणखी एक किस्सा, जरा हलका. १८७५ साली सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडहून घाट ओलांडून चालत साताऱ्याला गेले. दिवस पावसाळ्याचे. वय सतरा पूर्ण हवं होतं, आणि ते झालंही होतं. पण चेहरा इतका कोवळा, की साहेबांना खरंच वाटेना. आल्या पावली परत! वयापेक्षा लहान दिसण्यासाठी आज लोक हजारो रुपये मोजतात, आणि अण्णांना त्याच गुणापायी परीक्षेला बसू दिलं नाही.

असो. आता आपल्या अंगणातल्या एका आम्लाकडे वळू, ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ते म्हणजे काजूच्या टरफलातलं तेल.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि पुढे तो कोकणभर पसरला. लहानपणी ओल्या काजूगरांच्या मोहाने बिया फोडल्या नाहीत असं इथे कोण आहे? आणि ज्याने फोडल्या त्याच्या बोटांना, ओठांना ते तेल लागून कातडी काळी पडून सोलवटली नाही असंही कोण आहे? 'काजू उतला' म्हणतात ते हेच. या तेलात अॅनाकार्डिक आम्ल असतं. कच्च्या टरफलाच्या तेलात तर बहुतेक तेच. आणि गंमत अशी, की त्याची रचना म्हणजे सॅलिसिलिक आम्लालाच एक लांबलचक शेपूट जोडलेली. मुली बाटलीतून थेंब थेंब घेतात त्याचा हा रानटी चुलतभाऊ! भाजल्यावर हे आम्ल मोडतं, त्याचा काही भाग वायू होऊन जातो आणि कार्डानॉल उरतं.

अठराव्या शतकात वेस्ट इंडीज बेटांवरच्या इंग्रज मळेवाल्यांच्या बायका हे तेल मुद्दाम चेहऱ्याला लावत, असं त्या काळच्या वर्णनांत येतं. उन्हाने काळवंडलेली, वांग आलेली कातडी सोलून निघावी आणि खालची गोरी वर यावी म्हणून! चेहरा सुजायचा, फोड यायचे, दिवसचे दिवस खोलीबाहेर पडता यायचं नाही. मळ्यात राबणारे काळे गुलाम आणि घरात स्वतःची कातडी जाळून घेणाऱ्या मालकिणी. गोरेपणाची किंमत कोण कशी मोजत होतं ते यावरून दिसतं.

आमच्याकडे हे तेल कुणी हौसेने तोंडाला लावलं नाही. ते लागतं काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांना. राख किंवा तेल चोळून त्या कामाला बसतात, तरी हात काळे पडतातच. मोज्यांनी हात वाचतो पण वेग जातो, आणि मजुरी किलोवर असली की वेग सोडवत नाही. त्यांच्या हातांची कात रोज निघते, त्याला कुणी 'ट्रीटमेंट' म्हणत नाही.

काजूचाच नातेवाईक बिब्बा. तोही उततो, पण त्याचं कारण वेगळं. त्यात जळजळीपेक्षा अॅलर्जी जास्त, एकदा बाधला की पुढे थोडासुद्धा सोसत नाही. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांना नेमक्या त्या खुणांच्या जागी पुरळ उठू लागलं, आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. बिब्बा घालणं म्हणजे काय ते त्यांना चांगलंच कळलं असणार!

सॅलिसिलिक आम्ल माझ्या पिढीला परकं नाही, फक्त आम्ही ते पायाला लावलं. तळपायाला घट्टा होतो त्याला मराठीत 'कुरूप' म्हणतात. औषधाच्या दुकानात कुरुपाची गोल पट्टी मिळते, तिच्यात चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. तेच आम्ल अर्धा ते दोन टक्के घेतलं की मुरुमांचं औषध. पायाचं कुरूप घालवणारं आणि चेहरा सुरूप करणारं औषध एकच, हा योगायोग मराठीखेरीज कुठल्या भाषेत सापडेल असं वाटत नाही. जर्मनीत कोल्बेने १८५९-६० च्या सुमारास हे आम्ल कारखान्यात करता येईल अशी रीत शोधली, आणि १८८२ मध्ये हँबुर्गच्या उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेवरचे त्याचे परिणाम नोंदवले. गजकर्णावरचं व्हिटफील्डचं मलम १९०७ चं, त्यातही तीन टक्के हेच.

हल्लीची लाट सुरू झाली ती मात्र एका दुखण्यापासून. इक्थिओसिस म्हणून एक रोग असतो. त्यात अंगावर माशाच्या खवल्यांसारखे थर धरतात. फिलाडेल्फियातल्या व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ साली दाखवलं की फळांत, दुधात, उसात सापडणाऱ्या या साध्या आम्लांच्या मलमाने ते खवले सुटतात. ज्यांना लोकांत मिसळणं अवघड होतं अशा माणसांसाठी केलेलं ते काम. नव्वदीच्या दशकात त्यातून सुरकुत्यांवरची क्रीम निघाली आणि धंदा फोफावला. (बाटल्यांवर उसाचं चित्र असतं त्याला भुलू नका. ग्लायकॉलिक आम्ल उसात असतं हे खरं, पण बाजारातलं बहुतेक कारखान्यात रसायनांपासूनच बनतं. त्याने ते वाईट ठरत नाही, चित्र तेवढं खोटं ठरतं.)

हे सगळं लिहायला कारण झालं ते नात्यातल्या एका मुलीचं. लग्न महिन्यावर आलेलं, आणि तिने कुठून तरी मागवलेलं कडक पील घरीच लावलं. दोन्ही गालांवर भाजल्यासारखे डाग. डॉक्टरांच्या औषधाने ते फिकट झाले, पण लग्नाच्या फोटोत ती सगळीकडे एका बाजूने उभी आहे.

म्हणून थोडं आकड्यांत सांगते, मास्तरणीची खोड समजा. आम्लाचा जोर नुसत्या टक्क्यांवर नसतो, पीएचवर असतो. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट. आपल्या त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा, दह्याचा साडेचार, लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९० च्या दशकात घरगुती वापरासाठी जी मर्यादा सुचवली ती अशी: ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक आम्ल दहा टक्क्यांपर्यंत, आणि पीएच साडेतीनच्या खाली नको. म्हणजे 'घरगुती, नैसर्गिक' म्हणून लिंबाची फोड चेहऱ्यावर घासणारी बाई त्या मर्यादेच्या दहापट पलीकडे जाते. वर ईडलिंबू-कागदी लिंबाचा रस लागून ऊन लागलं तर फोड येतात, काळे डाग पडतात, ते निराळंच. ग्लायकॉलिक वगैरेंनीही त्वचा उन्हाला हळवी होते. तिथल्या सरकारने २००५ मध्ये बाटलीवर तसा इशारा छापायला सुचवलं, आणि जुलै २०२४ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कडक पील घरी वापरू नका असं बजावलं. आमच्या किनाऱ्यावरचं ऊन तर मार्चपासूनच भाजतं. आम्ल लावायचंच तर सौम्य, रात्री, आठवड्यातून एक-दोनदा, आणि दिवसा उन्हाचं क्रीम. कानामागे किंवा कोपराच्या आत आधी लावून पाहायचं. चुरचुर थांबली नाही तर धुऊन टाकायचं.

"तू काय लावतेस?" असं भाच्या विचारतात. हिवाळ्यात साय. आणि टाचांना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेली चरबी काढून मुठीत वळायची, थंड झाली की दगडासारखी घट्ट. त्यात आम्ल नाही, कात बित काही निघत नाही, नुसत्या भेगा भरतात. शेजारणीकडे या वर्षीचे चार गोळे झालेत, त्यातला एक माझा.