कार्डिनल अंतोनियो आल्यार्दी आणि भारतातील धर्मप्रांतांची रचना

अंतोनियो आल्यार्दी (४ सप्टेंबर १८३२ – १९ मार्च १९१५) हे कॅथलिक चर्चचे इटालियन कार्डिनल व मुत्सद्दी. मुंबई, पुणे आणि हैदराबाद हे धर्मप्रांत ज्या फेररचनेतून उभे राहिले, तिची पाहणी व अंमलबजावणी पोप लिओ तेरावे यांनी त्यांच्याकडे सोपवली होती.

सुरुवातीचा काळ

आल्यार्दी यांचा जन्म उत्तर इटलीत, बेर्गामोजवळच्या कोलोन्यो अल सेरिओ येथे झाला. बारा वर्षे गावातील धर्मगुरू म्हणून काम केल्यावर ते रोममधील ‘प्रोपगंडा’ या खात्यात आले. जगभरच्या मिशनांचा कारभार पाहणारे हे खाते १६२२ मध्ये स्थापन झाले होते.

दोन सत्तांचा वाद

भारतात बिशप सुचवण्याचा हक्क पोपनेच पूर्वी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्या बदल्यात चर्चचा खर्च राजाने करायचा होता. ही व्यवस्था म्हणजे ‘पाद्रोआदो’. प्रोपगंडा स्थापन झाल्यावर मात्र रोमने आपले प्रतिनिधी थेट नेमायला सुरुवात केली. मुंबईत या वादात इंग्रजही पडले. १७२० मध्ये त्यांनी गोव्याच्या अधिकाराखालील पाद्र्यांना हटवून कार्मेलाइट पाद्री आणले. पुढे १७९४ मध्ये मुंबई बेटावरील चर्च दोन्ही पक्षांत वाटली गेली. एकाच शहरात दोन धर्माधिकारी झाले. लग्न लावण्याचा अधिकार कोणत्या धर्मगुरूला, चर्चची मालमत्ता कोणाची, अशा रोजच्या प्रश्नांपर्यंत हा वाद पोहोचत असे.

भारतातील कामगिरी

१८८४ मध्ये आल्यार्दी यांना आर्चबिशप करून पोपचे प्रतिनिधी म्हणून भारतात पाठवण्यात आले. येथे कायमचे धर्मप्रांत कसे स्थापन करता येतील, याचा अहवाल त्यांनी द्यायचा होता. २३ जून १८८६ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी पोपच्या आज्ञापत्राने भारतात नियमित धर्मप्रांत अस्तित्वात आले. कराराच्या अंमलबजावणीसाठी १८८७ मध्ये आल्यार्दी पुन्हा भारतात आले. नागपूर धर्मप्रांत त्याच वर्षी स्थापन झाला.

हा करार म्हणजे तडजोड होती. गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेचे पॅट्रिआर्क’ हा मानाचा किताब मिळाला. दमण या नव्या धर्मप्रांताकडे साष्टी व वसईचा मुलूख गेला. तो ब्रिटिश हद्दीत असला, तरी तेथे बिशप नेमताना पोर्तुगालचा शब्द चालणार होता. मुंबई शहरातील काही चर्चही त्याच धर्मप्रांताकडे राहिली. इतरत्र हद्दी स्पष्ट झाल्या, पण मुंबईतला मूळ प्रश्न सुटला नाही.

पुढील कारकीर्द

त्यानंतर आल्यार्दी म्युनिक व व्हिएन्ना येथे पोपचे राजदूत होते. हंगेरीत नागरी विवाहाच्या कायद्यावरून वाद पेटला असताना त्यांनी १८९५ मध्ये केलेल्या वक्तव्यांवर तेथील सरकारने हरकत घेतली. हे प्रकरण इतके चिघळले की ऑस्ट्रिया-हंगेरीचे परराष्ट्रमंत्री काल्नोकी यांना राजीनामा द्यावा लागला. १८९६ मध्ये आल्यार्दी यांना परत बोलावण्यात आले आणि त्याच वर्षी त्यांना कार्डिनलपद मिळाले. १८९९ मध्ये ते आल्बानोचे कार्डिनल-बिशप झाले. १९०३ पासून पोपच्या आज्ञापत्रांचे दप्तर त्यांच्याकडे होते.

रचनेचे पुढे काय झाले?

मुंबईतील दुहेरी अधिकार १९२८ च्या करारानेच संपला. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत, असे ठरले. पोर्तुगालने १९५० मध्ये हा हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले.

मराठवाड्यातील रचनाही याच फेररचनेशी जोडलेली आहे. नागपूर धर्मप्रांतातून १९५५ मध्ये अमरावती आणि अमरावतीतून १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. आल्यार्दींच्या काळी निजामाच्या राज्यात असलेला हिंगोलीचा मुलूख आज याच औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो.