नाताळचं झाड चौकात कसं आलं

डिसेंबरच्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये माणसं घोळक्याघोळक्याने नाताळची झाडं पाहत हिंडतात. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कमानीपासून निघायचं, मॅडिसन स्क्वेअर आणि ब्रायंट पार्क करत रॉकफेलर सेंटरला पोचायचं. या फेरीला कुणी युरोपातल्या जुन्या परंपरेचं शेपूट मानतं, तर कुणी दुकानदारांनी गिऱ्हाइकासाठी मांडलेला बाजार. मला दोन्ही पटत नाही. झाड पाहायला संध्याकाळी बाहेर पडण्याची ही रीत जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि ती विजेच्या दिव्यामुळे आणि सुधारकांच्या कळकळीतून जन्मली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं झाड घरातलं होतं. फांद्यांना मेणबत्त्या अडकवायच्या, पाण्याची बादली शेजारी ठेवायची, काही मिनिटं सगळ्यांनी पाहून घ्यायचं आणि आग लागायच्या आत विझवायचं. असं झाड उघड्यावर, डिसेंबरच्या वाऱ्यात, तासन्‌तास तेवत ठेवणं शक्यच नव्हतं; मग ते पाहायला येणार कोण? १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या ८० दिव्यांचं झाड उभं केलं. तारा हातानेच जोडलेल्या होत्या, आणि झाड विजेवर गोल फिरत होतं. ते पाहायला बातमीदाराला घरी बोलावलं होतं, म्हणजे वीज कंपनीची जाहिरातही झाली. पण असली रोषणाई पुढची कित्येक वर्षं श्रीमंतांनाच परवडणारी होती, आणि झाडही दिवाणखान्यातच राहिलं.

ते चौकात आलं १९१२ च्या २४ डिसेंबरला. एमिली हेरेशॉफ यांच्या कल्पनेतून मॅडिसन स्क्वेअरमध्ये ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरातून आणलेलं सुमारे ६० फुटी झाड उभं राहिलं, त्यावर रंगीत दिवे आणि टोकाला तारा. हेतू उघड होता: ज्यांच्या घरी झाड नाही, किंबहुना झाड ठेवायला घरच नाही, त्यांनाही नाताळ साजरा करता यावा. जमाव हजारोंचा होता आणि गाणी सामुदायिक होती. त्याच संध्याकाळी बॉस्टन कॉमनवरही असं झाड उजळलं. घरातला गणपती चौकात आला तो लोकांना संघटित करण्यासाठी; इथे राजकारण नव्हतं, होती ती दानबुद्धी, आणि तिच्यात थोडी वरून खाली पाहण्याची खोडही असावी.

यावर पहिला आक्षेप बाल्टिक किनाऱ्यावरून येतो. रिगामध्ये १५१० साली व्यापाऱ्यांच्या संघाने झाड बाहेर नेल्याचं सांगतात, आणि टॅलिनचा दावा त्याहूनही जुना, १४४१ चा. हे दावे क्षणभर मान्य केले, तरी त्या कथांतलं झाड एका संघाच्या सोहळ्यातलं आहे: त्याभोवती नाचायचं आणि शेवटी ते जाळून टाकायचं. रोज संध्याकाळी कुणीही यावं, पाहावं आणि पुढच्या झाडाकडे निघावं, अशी सोय त्यात कुठे दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मॅडिसन स्क्वेअरमधल्या दिव्यांची वीज एडिसन कंपनीने पुरवली, आणि रॉकफेलर सेंटर तर सरळसरळ भाड्याच्या इमारतींचा समूह. खरंय. कंपनीला दिवे खपवायचे होतेच. सुधारकांना तिची गरज होती आणि तिला सुधारकांची. पण हिशेब मागाहून आला, हे रॉकफेलरच्याच झाडावरून दिसतं. १९३१ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, मंदीच्या ऐन भरात, बांधकामावरच्या मजुरांनी तिथे २० फुटी फरचं झाड उभारलं. सजावट म्हणजे क्रॅनबेरीच्या माळा, कागदी झिरमिळ्या आणि काही पत्र्याचे डबे. पगारासाठी त्यांची रांग लागली ती याच झाडापाशी. मालकांनी समारंभपूर्वक दिवे लावले ते १९३३ साली, तेव्हा झाड ५० फुटी होतं आणि दिवे ७००. १९३६ मध्ये तिथे स्केटिंगची रिंक सुरू झाली आणि गर्दीचा धंदा नीट बसला. भोवतालच्या दुकानांची विक्री त्या गर्दीवर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी गर्दी बोलावली नाही, ती रस्त्यावर आधीपासूनच होती, आणि झाड पाहायला आजही तिकीट लागत नाही.